शेवटच्या ओळीतले नाव : उपवासकाळातील एका दानयादीचे प्रकरण

हे प्रकरण इंदूरमधील एका कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) २०२४ च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या सुमारे चाळीस दिवसांत, घडले. धर्मग्रामाचे नाव दिलेले नाही आणि व्यक्तींच्या ओळखीच्या काही खुणा बदललेल्या आहेत. ज्या बाईंभोवती हे सारे घडले त्यांना मी हा मजकूर वाचून दाखवला आणि त्यांनी सांगितलेल्या दोन दुरुस्त्या केल्यावरच तो पूर्ण केला. मी त्या वेळी धर्मग्रामाच्या अर्थ समितीवर होतो आणि ज्या यादीवरून प्रश्न उभा राहिला ती यादी माझ्याच हातची होती. तेव्हा हे टिपण तटस्थ निरीक्षकाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पार्श्वभूमी

इंदूर धर्मप्रांत १९५२ साली स्थापन झाला. येथील कॅथलिक समाज एका भाषेचा किंवा एका प्रांताचा कधीच नव्हता. आमच्या धर्मग्रामात केरळची कुटुंबे आहेत, गोव्याची आहेत, झाबुआ आणि धारकडून कामासाठी आलेली भिल्ल कुटुंबे आहेत आणि नगर, जालना, वसई येथून दोन-तीन पिढ्यांपूर्वी गिरण्या, रेल्वे व इस्पितळे यांच्या निमित्ताने आलेली आम्ही मराठी माणसेही आहोत. रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, हिंदीत होते. उपवासकाळातल्या शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांपुढे थांबून केलेली प्रार्थना, होते; तिची जबाबदारी एकेका गटाकडे आळीपाळीने जाते आणि मराठी गटाच्या शुक्रवारी चौदाही स्थानांच्या प्रार्थना मराठीत म्हटल्या जातात.

त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १४ फेब्रुवारीला आला. कपाळाला राख लावून झाल्यावर दारापाशी प्रत्येक कुटुंबाला एक पाकीट देण्याची आमच्याकडे प्रथा आहे. उपवासकाळात आपण जे सोडतो, मग ते मटण असो, सिनेमा असो की चहातली साखर, त्यातून वाचलेले पैसे दर आठवड्याला पाकिटात घालून आणायचे, अशी ही पद्धत. यातला काही भाग कारितास इंडिया या कॅथलिक चर्चच्या समाजसेवा संस्थेच्या भूक व रोग यांविरुद्धच्या मोहिमेला जातो आणि उरलेला धर्मग्रामातल्याच आजारी व गरजू लोकांसाठी वापरला जातो. चर्चच्या नियमानुसार अठरा पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंतच्या माणसांनाच राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एकभुक्त राहणे बंधनकारक आहे. दान मात्र कोणत्याही वयाची सवलत घेत नाही, असे आमच्या जुन्या लोकांचे म्हणणे असते.

आता यादीविषयी. आदल्या वर्षीच्या उपवासकाळातील दानाचा हिशेब आम्ही वेळेवर मांडला नव्हता आणि त्यावरून बरीच कुजबूज झाली होती. ती कुजबूज रास्त होती. कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, १९८३ च्या संहितेतील कलम १२८७ असे सांगते की, श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या मालमत्तेचा हिशेब कारभाऱ्यांनी श्रद्धावंतांना दिला पाहिजे. कलम १२६७ नुसार ज्या कारणासाठी दान दिले त्याच कारणासाठी ते वापरावे लागते. या दोन्ही गोष्टी उघडपणे दिसाव्यात म्हणून पाकिटांवर कुटुंब-कार्डाचा क्रमांक घालायचा आणि दर रविवारी फलकावर यादी लावायची, असा प्रस्ताव मी मांडला. तो एका बैठकीत, फार चर्चा न होता, संमत झाला. ज्या बुधवारी आम्ही ही क्रमांकित पाकिटे वाटली त्याच बुधवारचे शुभवर्तमान (बायबलमधले वाचन) म्हणजे मत्तयच्या सहाव्या अध्यायातील तो उतारा, ज्यात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी लोकांना दिसाव्यात म्हणून करू नका असे प्रभू सांगतो. दरवर्षी राखेच्या बुधवारी हाच उतारा वाचला जातो. आम्ही तो उभे राहून ऐकला आणि मग दारापाशी जाऊन पाकिटे वाटली. या दोहोंचा संबंध आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

पहिली यादी रविवार, २५ फेब्रुवारीला लागली. इंदूर धर्मप्रांतात या तारखेला वेगळे महत्त्व आहे. १९९५ साली याच दिवशी सिस्टर राणी मारिया यांची उदयनगरजवळ बसमध्ये हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्या रविवारी आमची एक बस उदयनगरला जाणार होती, आवारात गडबड होती आणि फलकासमोर नेहमीपेक्षा जास्त माणसे थांबत होती. यादीत कुटुंबप्रमुखाचे नाव आणि रक्कम होती. मी ती एक्सेलमध्ये केली होती आणि छापण्यापूर्वी रकमेच्या स्तंभावर उतरता क्रम लावला होता. असे का केले, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही; बेरीज तपासायला सोपी जाते, एवढेच कारण. यादी दोन पानांची झाली आणि दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी, साठ रुपयांसमोर, एक नाव आले.

ते पाकीट मीच मोजले होते आणि ते मला आठवते. त्यात दहा रुपयांची सहा नाणी वहीच्या कागदात घट्ट गुंडाळलेली होती आणि कागदावर बॉलपेनने सोमवारपासून शनिवारपर्यंतच्या तारखा एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. मी नाणी वेगळी केली, कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि शीटमध्ये साठ हा आकडा भरला.

पाकीट एका विधवा बाईंचे होते. त्यांचे वय त्रेसष्ट, जुन्या गिरणी भागातल्या चाळीत राहणाऱ्या, दोन घरी स्वयंपाकाचे काम करणाऱ्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. मराठी गटाच्या क्रुसाच्या वाटेत क्रुसाच्या दोन बाजूंना दोन मेणबत्त्या धरतात, त्यांपैकी डावीकडची गेली कित्येक वर्षे मावशींकडे होती. दुसरी यादी ३ मार्चला लागली. त्या रविवारी मावशी मिस्सेला दिसल्या नाहीत. ८ मार्चचा शुक्रवार आमच्या गटाचा होता. त्या दिवशीही त्या आल्या नाहीत आणि ऐन वेळी कुणाच्या तरी हातात मेणबत्ती द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मग्रामातल्या सिस्टर त्यांच्या घरी जाऊन आल्या. गुडघा दुखतोय, एवढेच मावशी म्हणाल्या. शेजारच्या एका बाईंनी मात्र जिन्यात सिस्टरांना थांबवून वेगळीच हकिगत सांगितली. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी इंदूरमधील कार्यक्रमात सुपूर्द झाला, हे शहरात सर्वांना ठाऊक होते. नाताळचाच दिवस असल्याने आमच्या लोकांच्या तर ते विशेष लक्षात राहिले होते. मावशींचे पती गिरणी कामगार होते. तेव्हा फलकासमोर कुणीतरी म्हणाले होते, ‘मिलचे पैसे मिळाले, तरी साठच रुपये?’ हे वाक्य फिरत फिरत चाळीपर्यंत पोहोचले होते.

पर्यायांचा विचार

उपवासकाळाचा चौथा रविवार, म्हणजे आनंदाचा रविवार, १० मार्चला होता. मिस्सेनंतर फादरांनी धर्मग्राम मंडळ आणि अर्थ समिती यांची एकत्र बैठक बोलावली. कायद्याने धर्मग्राम मंडळाचे मत सल्लागारी असते आणि निर्णय धर्मगुरूंचा असतो. परंतु आमचे फादर शक्यतो सर्वांच्या मताने जाणारे आहेत आणि त्या दिवशी हा गुण थोडा आड आला असे मला वाटते.

यादी आहे तशीच चालू ठेवावी, असे म्हणणारे तिघे-चौघे होते आणि त्यांचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. एका ज्येष्ठ सदस्यांनी मार्कच्या शुभवर्तमानातील दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेचा दाखला दिला : प्रभू येशू स्वतः दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतो ते पाहत होता आणि त्यानेच त्या विधवेची रक्कम जगजाहीर केली, मग आपण यादी लावली तर काय बिघडले? यावर सिस्टर म्हणाल्या की, प्रभूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले, मंदिराच्या दारावर लावले नाही. शिवाय त्याला ठाऊक होते की तिने आपली सारी उपजीविका टाकली; आपल्याला मावशींच्या साठ रुपयांविषयी काय ठाऊक आहे? बैठकीतले सगळ्यात चांगले वाक्य हेच होते. पण ते उत्तर म्हणून ऐकले गेले, प्रश्न म्हणून कुणी घेतलेच नाही.

दुसरा पर्याय नावे ठेवून रकमा काढण्याचा होता. तिसरा, गटवार बेरीज लावण्याचा. परंतु भिल्ल कुटुंबांच्या गटातील एका तरुणाने लगेच दाखवून दिले की, मग एका माणसाऐवजी आख्खी वस्ती शेवटच्या ओळीत येईल. चौथा पर्याय म्हणजे फलकावर फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च लावायचा, आणि ज्याला पावती हवी त्याने कार्यालयातून घ्यायची. याला विरोध मुख्यतः माझाच होता. नाव नसेल तर आपले पाकीट जमा झाले की नाही हे माणसाला कसे कळणार, असे मी म्हणालो. आदल्या वर्षीची कुजबूज मला अजून टोचत होती.

शेवटी दुसरा पर्याय ठरला : नावे अकारविल्हे, रकमा नाहीत. सर्वांचे थोडे थोडे समाधान झाले आणि आपण पुरेशा संवेदनशीलतेने वागलो अशा समजुतीत आम्ही उठलो. दीड तासाच्या त्या बैठकीत मावशींना कशाने दुखावले याविषयी बाराजण बोलले आणि प्रत्येकाने गृहीत धरले की ते रकमेनेच. त्यांना जाऊन विचारावे, असे कुणी सुचवले नाही. मीही नाही.

प्रत्यक्ष कृती

१७ मार्चला नवी यादी लागली. मावशी त्या रविवारीही आल्या नाहीत. मंगळवारी, १९ मार्चला, संत योसेफाचा सण होता. त्या संध्याकाळी सिस्टर मला म्हणाल्या, ‘यादी तुम्ही केली ना भाऊ, मग या वेळी तुम्ही चला.’

मावशींनी आम्हा दोघांना खाटेवर बसवले आणि स्वतः स्टुलावर बसल्या. भिंतीवर पतीचा तसबिरीतला फोटो होता. चहा झाला, सणाचे बोलणे झाले. मग मी यादीचा विषय काढला, रकमा काढून टाकल्याचे सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी ते ऐकून घेतले.

‘रकमेचं काय,’ त्या म्हणाल्या. ‘साठ माझे होते. नाव त्यांचं लावलंत.’

मला लगेच समजले नाही. मग त्या म्हणाल्या, ‘ते असते तर शंभराच्या खाली कधी दिले नसते त्यांनी. नऊ वर्षं झाली जाऊन. आता त्यांचं नाव सगळ्यांच्या खाली. माझं लावलं असतंत तर मी काही बोलले नसते.’

कुटुंब-कार्डावर प्रमुख म्हणून अजूनही त्यांच्या पतीचेच नाव होते. त्यांच्या अंत्यविधीची नोंद आमच्याच मृत्यू-नोंदवहीत होती, पण कुटुंबांची नोंदवही कुणी दुरुस्त केली नव्हती आणि मी तिच्यावरूनच यादी उतरवली होती. रकमा काढून टाकलेल्या नव्या यादीतही तेच नाव तसेच होते. म्हणजे आम्ही जी सुधारणा केली होती ती त्यांच्या दुःखाला शिवलीही नव्हती. मिलच्या पैशांविषयी मी चाचरत विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘त्यांची मिल वेगळी होती हो. इंदुरात काय एकच मिल होती? हे चाळीत कुणाकुणाला सांगत बसू?’

साठ रुपयांचा उलगडाही तेव्हाच झाला. कामावरून परतताना त्या ई-रिक्षाने येत; उपवासकाळात त्यांनी ती सोडली होती आणि पायी येत होत्या. दिवसाचे दहा रुपये. उपवासाच्या बंधनातून वयाने त्या सुटलेल्या होत्या, म्हणून त्यांनी हे चालणे घेतले होते. उठताना त्यांनी फळीवरचा स्टीलचा डबा उघडून दाखवला. आत वहीच्या कागदात गुंडाळलेल्या, वर तारखा लिहिलेल्या तशाच पुड्या होत्या. चर्चला येणे बंद झाल्यानंतरच्या आठवड्यांच्याही. ‘देणार आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण पाकिटात नाही.’

त्याच रात्री फादरांनी यादी काढायला सांगितली आणि चौथा पर्याय स्वीकारला गेला. पुढच्या चार दिवसांत सिस्टरांनी आणि मी दोन्ही नोंदवह्या ताडून पाहिल्या. दिवंगत व्यक्ती कुटुंबप्रमुख म्हणून राहिलेली आणखी अकरा कार्डे सापडली आणि त्यांतली बहुतेक विधवांची होती. झावळ्यांच्या रविवारी, २४ मार्चला, फादरांनी मिस्सेच्या शेवटी कुणाचेही नाव न घेता सांगितले की, यादी लावण्यात कारभाऱ्यांची चूक झाली आणि नावेही चुकीची होती. आपले नाव येऊ नये, ही मावशींचीच अट होती.

पाय धुण्याच्या विधीचा प्रश्न

या प्रकरणातला जो निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पैशांविषयीचा नाही. पवित्र गुरुवारी प्रभूच्या अखेरच्या भोजनाच्या मिस्सेत धर्मगुरू श्रद्धावंतांचे पाय धुतात. पूर्वी त्यासाठी केवळ पुरुष निवडले जात. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार जानेवारी २०१६ मध्ये निघालेल्या आदेशाने स्त्रिया, वृद्ध, तरुण, आजारी अशा सर्वांतून हा गट निवडण्याची मुभा मिळाली. २८ मार्चच्या विधीसाठी बारा जणांत मावशींना घ्यावे, असे फादरांच्या मनात आले. समितीतल्या सर्वांनाच ते फार आवडले. मलाही आवडले, सगळ्या प्रकरणावर यापेक्षा सुंदर पडदा कोणता पडणार, असे वाटले.

सिस्टर मात्र म्हणाल्या की, आधी विचारू या. त्यांनी एकटीने जाऊन विचारले आणि मावशींनी नकार दिला. ‘परत सगळ्यांसमोर कशाला?’ असे त्या म्हणाल्या. मंडळातील काहींना यात अढी दिसली. मला त्यात अढी दिसत नाही. फलकावरची ओळ आणि वेदीसमोरची खुर्ची या आमच्या दृष्टीने दोन टोकांच्या गोष्टी होत्या. त्यांच्या दृष्टीने दोन्हींत त्यांना सगळ्यांसमोर उभे केले जाणार होते, फरक एवढाच की दुसऱ्या वेळी आम्ही विचारले. ठरलेल्या बारा जणांचीच मूळ यादी राहिली आणि विधी पार पडला.

निष्पत्ती

उत्तम शुक्रवारी जगभरच्या चर्चमधले दान पवित्र भूमीसाठी, म्हणजे येशूच्या देशातील तीर्थस्थाने व तिथले ख्रिस्ती यांच्यासाठी, जाते. २९ मार्चच्या रात्री आम्ही टोपल्या मोजत होतो तेव्हा नोटांच्या ढिगातून तारखा लिहिलेल्या कागदी पुड्या निघाल्या. मोजणाऱ्या बाकी दोघांपैकी एकाने, हे कुणाचे, असे विचारले. मी काही बोललो नाही. क्रुसाचे चुंबन घ्यायला आलेल्या रांगेत मावशी होत्या की नव्हत्या हेही मला ठाऊक नाही. उपवासकाळाच्या पाकिटांत हे पैसे वर्ग करावेत का, असाही विचार क्षणभर मनात आला; पण ज्या टोपलीत टाकले त्या कारणासाठीच ते टाकले, असे मानून ते पवित्र भूमीच्या खात्यात धरले. या वेळी मी कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकले नाहीत.

३० मार्चचा पवित्र शनिवार आणि रंगपंचमी त्या वर्षी एकाच दिवशी आली. दुपारपर्यंत राजवाड्याभोवती गेर, म्हणजे रंगांच्या मिरवणुका, रस्ते बंद, आणि मग पालिकेच्या गाड्यांनी धुतलेले ओले रस्ते. पास्काची (ईस्टरची) जागरण-मिस्सा अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही, त्यामुळे आमची फारशी अडचण झाली नाही. मावशी त्या रात्री शेजारच्या मुलीबरोबर आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या.

एकूण जमा आदल्या वर्षीपेक्षा किंचित कमी भरली. हिशेब एका पानावर, जमा आणि खर्च अशा दोन बाजूंनी, पास्कानंतरच्या दुसऱ्या रविवारी फलकावर लागला. आपले नाव दिसत नाही म्हणून दोन कुटुंबांनी नाराजी कळवली. त्यांना पावत्या दिल्या.

वेगळे काय करता आले असते

उतरता क्रम लावायला नको होता, हे उघड आहे. परंतु केवळ तेवढे टाळले असते तरी एका मृत माणसाच्या नावाने त्याच्या बायकोचे दान मांडले गेले असतेच. नोंदवही आधी तपासायला हवी होती. ज्या कार्यालयात अंत्यविधीची नोंद होते त्याच कार्यालयात त्याच आठवड्यात कुटुंब-कार्डही बदलायला हवे, आणि आता ते तसे होते. हिशेब देण्याचे बंधन कारभाऱ्यांवर आहे, दात्यांवर नाही, ही साधी गोष्ट मी उलटी करून बसलो होतो : आम्ही काय केले हे दाखवण्याऐवजी त्यांनी किती दिले हे मी दाखवले.

१० मार्चची बैठक तर दोन दिवस उशिरा घ्यायला हवी होती, आणि त्या दोन दिवसांत कुणीतरी चाळीत जायला हवे होते. घाई कशाची होती? पुढच्या रविवारच्या यादीची.

२०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला आला. पाकिटांवर क्रमांक नव्हते. क्रुसाच्या वाटेत डावीकडची मेणबत्ती आता मावशींच्या शेजारची ती मुलगी धरते आणि मावशी बाकावर बसून प्रार्थना म्हणतात. मी आधी इथे लिहिले होते की, त्या प्रकारानंतर त्यांनी मेणबत्ती पुन्हा हातात घेतली नाही.

मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पहिली दुरुस्ती सांगितली ती वर्षांची. पती जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती, मी आठ लिहिली होती. दुसरी या मेणबत्तीविषयीची. चौदा वेळा खाली बसून उठायचे असते, त्या म्हणाल्या, आणि ते तेव्हाच जमेनासे झाले होते, रोजच्या त्या चालण्याने. ‘सिस्टरना मी सांगितलं होतं की नाही? गुडघा खरंच दुखत होता. ते पण लिहा.’